बाप खलनायक झाला, कारण मैत्रिणीला कामच नाही

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या एकांकिकेतली गोष्ट नाशिकची. गार्गी अकरावीत, सई तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस आहे आणि गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाउसवर पार्टी आहे. गार्गीचे बाबा भयंकर काळजी करणारे. आई नाही, भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. बाबा नाही म्हणतात, दोघी खोटं बोलून जातात, पकडल्या जातात. मग भांडण, गार्गीचं स्वातंत्र्यावर मोठं स्वगत, बाबांचे अश्रू, मिठी आणि काळोख. तालीम बघायला आलेले सर म्हणाले, ‘बाप खलनायक झालाय आणि शेवट गोडमिट्ट आहे.’ स्पर्धा पाच आठवड्यांवर आली आहे आणि तुम्हाला बाप थोडा मवाळ करायचाय, तो कसा करायचा हे विचारलंयस.

मवाळ करू नका. सरांचं निदान बरोबर आहे, पण दुखणं बापात नाही. संहिता दोनदा वाचली. त्यात सई 11 पानांवर आहे आणि तिची निम्म्याहून जास्त वाक्यं ‘अगं पण’, ‘चल ना’ आणि ‘काका येतील’ एवढीच आहेत. ती गार्गीच्या बाजूला उभी असते, बस्स. गार्गी खोटं बोलते त्याची किंमत नाटकात कुणीच मोजत नाही, म्हणून सगळा भार बापाच्या आरडाओरड्यावर येतो. ज्या पात्राला ओरडण्यापलीकडे काम नसतं ते खलनायक होतंच. तिथे कितीही चांगला नट उभा केलात तरी फरक पडत नाही.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमच्या गटात मुली किती, बापाचं काम करणारा मुलगा नुसता बसून राहू शकतो का, रंगमंच किती खोल आहे, हे मला इथून दिसत नाही. पुण्यात भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’च्या गजरात नाटक सुरू करणं वेगळं आणि तालुक्याच्या सभागृहात, पहिल्या रांगेत खरेच आईबाप बसलेले असताना करणं वेगळं. तिथली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, 1963 पासून चालू आहे. तिथल्या प्रेक्षकाने बापलेकीची भांडणं पोतंभर पाहिली आहेत. तालुक्यात हेच भांडण कदाचित पहिल्यांदा मंचावर येत असेल आणि तिथे ते टाळ्या घेईलही. मी गेली 22 वर्षं कॉलेजच्या पोरांसोबत एकांकिका बसवते, त्यामुळे मी सांगतेय ते पहिल्या प्रकारच्या प्रेक्षकाच्या हिशोबाने आहे.

आता मुख्य बदल. सईला पार्टीला पाठवू नका.

तुझ्या संहितेत एक सोन्यासारखी गोष्ट आहे आणि तू ती दुसऱ्या पानावर एका वाक्यात उडवून लावली आहेस. बाबा म्हणतात, ‘सईकडे अभ्यासाला जा, पण लाइव्ह लोकेशन पाठव.’ व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशनला तीनच पर्याय असतात: 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास. हा बाप 8 तासांवालं मागणार. मग गार्गीने जायचं कसं? फोन सईकडे ठेवून. आणि फोन सईच्या घरी राहिला की त्याच्याजवळ कुणीतरी बसायला लागतं. मेसेज आला तर उत्तर द्यायला, फोन आला तर उचलायला. म्हणजे सई घरी. गार्गी पार्टीला गेली ती सईला मागे ठेवून, आणि वर तिलाच पहारेकरी नेमून. दोघींपैकी कुणीही हे तोंडाने म्हणत नाही. ‘तू आहेस म्हणून जमतंय गं’ एवढंच गार्गी म्हणते आणि पळते. आता तुझ्याकडे मैत्रीचं नाटक आहे. आधी फक्त परवानगीचं होतं.

सईच्या घरी मोठं कोण, हा प्रश्न लगेच येईल, कारण असा बाप रिकाम्या घरात मुलीला पाठवणार नाही. आतल्या खोलीत आजी ठेवा. पात्र नको, विंगेतून टीव्हीचा आवाज पुरे.

दुसरा बदल बापाच्या नोकरीत. तुझ्या संहितेत ते ‘ऑफिसात’ आहेत. कुठल्या ऑफिसात? भीती कुठून येते ते दाखवलं नाही की ती स्वभाव वाटते, आणि स्वभावाशी वाद घालता येत नाही. माझं सुचवणं असं: सरकारी रुग्णालयात अपघात विभागाच्या खिडकीवर केस पेपर काढणारा कारकून, आठवड्यातून दोन रात्रपाळ्या. नाव, वय, पत्ता, काय झालं, कोणी आणलं. दिवसेंदिवस हा माणूस तेच लिहितोय. पोरांना पोरंच घेऊन येतात, स्ट्रेचरवर टाकतात आणि खिडकीवर नाव विचारलं की मागे सरकतात. कायद्याने अपघातग्रस्ताला आणून सोडणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच अशा माणसाला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुणी उचलून आणणारच नाही. पण खिडकीच्या आतल्या बाजूने ती रिकामी राहिलेली जागा दिसते. ह्या बापाची भीती ‘मुलगी बिअर पिईल’ ही नाही. आपल्या मुलीच्या कागदावर ‘कोणी आणलं’समोर काहीच नसेल, ही आहे. ते तो कधीच बोलून दाखवत नाही. फक्त गार्गीने एखाद्या मैत्रिणीचं नाव घेतलं की त्याचा पहिला प्रश्न, ‘ती कशी आहे?’ नसून, ‘ती थांबेल का?’ असा असतो. पहिल्या प्रवेशात हे विनोदी वाटेल. वाटू दे.

तो रात्रपाळीला आहे असं केलं की तुझं नेपथ्यही सुटतं. डावीकडे एका लेव्हलवर खिडकी, उजवीकडे सईची खोली, मध्ये रिकामी जागा. फार्महाउस नाहीच. पार्टी मंचावर आणायचा मोह मला कळतो: रंगीत दिवे, आठ जणांचा नाच, कोपऱ्यात बाटल्या. मी स्वतः दोनदा आणली आणि दोन्ही वेळा ती गॅदरिंगसारखी दिसली. नाचणाऱ्यांना नाचावंसं वाटत नव्हतं आणि बाटल्यांत कोकम होतं हे सातव्या रांगेतून कळत होतं. पार्टी फोनमधून ऐकू येऊ द्या. सई वाढदिवसवाल्या मुलाला सहा वेळा फोन लावते, गाण्यांच्या दणदणाटात कुणी उचलत नाही. मग रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर लावला म्हणून गावातलं कुणीतरी येऊन आवाज बंद करायला लावतं, आणि त्या शांततेत सातवा फोन उचलला जातो. नियम खराच आहे, 10 ते 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि तुला तो फुकटात वळण देतो.

आता ज्या एका प्रवेशावर सगळं उभं राहील तो. वेळ साधारण पावणेअकरा. खिडकीवर गर्दी नाही. आत्ताच कुत्रं चावलेल्या एका पोराचा कागद काढून झालाय. इथे सतरा वर्षांची जखमी मुलगी आणायची नाही, हे लिहूनच ठेव. बाबा गार्गीच्या फोनवर फोन लावतात. सई तो वाजू देते, वाजू देते, आणि उचलते. असं काहीतरी:

‘हॅलो… काका?’
‘सई का? गार्गीला दे गं जरा.’
‘काका, ती अंघोळीला गेलीये.’
‘आत्ता?’
‘म्हणजे… केस धुतीये.’
‘बरं.’ (थांबतात.) ‘आजी झोपल्या?’
‘हो. टीव्ही चालूये, पण झोपल्यात.’
‘हं. तिच्या फोनचं चार्जिंग संपत आलं असेल. लावून ठेव बाळा.’

आणि फोन बंद. बस्स, एवढंच. त्याला कळलंय. फोन कुठे आहे, मुलगी कुठे नाही, सगळं. तो ओरडत नाही, कारण ओरडला तर ही पोर घाबरून फोन बंद करेल आणि मग आज रात्री त्याच्याकडे काहीच उरणार नाही. सईलाही कळलंय की काकांना कळलंय. ती उठून चार्जर शोधते. प्रेक्षक तिला चार्जर शोधताना बघतोय, संवाद नाही, पार्श्वसंगीत तर अजिबात नाही. हा प्रवेश जमला तर तुझा बाप खलनायक झालाय असं कुणाची म्हणायची हिंमत नाही, आणि तू त्याला एका शब्दाने मवाळ केलेलं नाहीस. लोकेशन मागणारा जाचक माणूस तो आहेच.

माझ्या पहिल्या एकांकिकेत असाच कडक बाप होता. मुलगी परत येईपर्यंत दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणारा, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा. प्रयोगाला माझे वडील आले होते. ते नाटकाबद्दल फारसं बोलत नसत. बाहेर चहा पिताना एवढंच म्हणाले, ‘तो माणूस जेवला का गं?’ मला तेव्हा राग आला होता, इतकं लिहिलं आणि ह्यांना जेवणाचं पडलंय. रात्री झोप लागेना. माझ्या नाटकातला बाप चार तास जागा होता आणि घरात ताट वाढलेलं नव्हतं, गॅस बंद केलेला नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. तो येरझाऱ्या घालायला जन्माला आला होता. तेव्हा तुझ्या बाबांच्या खिडकीवर डबा ठेव. प्रवेशाच्या सुरुवातीला ते झाकण अर्धं उघडतात, कुणीतरी खिडकीवर येतं, झाकण परत लागतं. फोननंतर तो डबा तसाच असतो. कुणी त्यावर बोलू नये.

डबा आला म्हणजे तो भरणारी आई आली. भिंतीवरचा फोटो काढ. दर स्पर्धेत निदान तीन एकांकिकांत आई मेलेली असते, कारण आई जिवंत असली की लेखकाला ती काय म्हणाली असती हे लिहावं लागतं. लिहायचं. माझ्या डोळ्यांसमोर अशी आई आहे: डबा भरताना गार्गीकडे न बघता 500 रुपये ओट्यावर ठेवते आणि म्हणते, ‘सईकडे जाताना लागतील.’ सईचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे.

बापाच्या वयाबद्दल एक विनंती. सतरा वर्षांच्या मुलीचा बाप साधारण 45 चा. म्हणजे 1980 च्या आसपास जन्मलेला. त्याने कॉलेजात असताना मित्राची यामाहा उडवली असेल, गणपतीत पहाटेपर्यंत नाचला असेल. तुमचा मुलगा केसांना पावडर लावून, कमरेत वाकून, ‘आमच्या काळात’ म्हणत फिरतोय. तो तुमच्या आजोबांची नक्कल करतोय. पावडर पुसा. त्याला फक्त थकवा द्या आणि शर्टाच्या खिशाला पेन.

भाषेचंही तेच. ‘बाबा, तुम्ही मला सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलंय’ हे अकरावीतली मुलगी म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘बाबा, सगळे येतायत ना यार. रियाची मम्मीपण हो म्हणाली.’ आणि तिचा खरा हुकमी एक्का, ‘मग मी काय घरी बसून स्टोऱ्या बघू का?’ हाच. स्वातंत्र्य वगैरे तिच्या गावीही नसतं. सोमवारी वर्गात सगळे ज्या गोष्टीवर हसतील ती आपल्याला कळणार नाही, ही तिची भीती असते. बापाच्या भीतीइतकीच खरी भीती. तीन पानी स्वगत काढून हे एक वाक्य ठेवलंस तरी भागेल.

आता शेवट. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे चालवत दोन तरुण अभियंत्यांना उडवलं आणि जामिनासाठी त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर माझ्याकडे वाचायला आलेल्या संहितांत शेवटी गाडी ठोकली नाही अशी पार्टी शोधावी लागते. लिहिणाऱ्या पोरांच्या मनात ते खोल गेलंय, मला समजतं. पण तुझ्या गोष्टीत अपघात घातलास तर बाप बरोबर ठरतो आणि वाद मिटतो. मिठी घातलीस तर मुलगी बरोबर ठरते आणि वाद मिटतो. दोन्हींत प्रेक्षक घरी जाताना हलका होतो, कारण त्याला काही ठरवायचं उरत नाही. गार्गीला त्या रात्री काहीही होऊ देऊ नकोस. ती मजा करून आली. खरंच मजा आली तिला. हेच सगळ्यांना जड जायला हवं.

खरं भांडण सकाळी, दोघी मैत्रिणींचं. गार्गी फोन न्यायला येते. बॅटरी 100 टक्के. ती पार्टीबद्दल भडाभडा बोलत सुटते, कोण कुणाबरोबर नाचलं, केक कुणाच्या तोंडाला फासला. सई कपड्यांच्या घड्या घालतेय. गार्गीला मध्येच लक्षात येतं, ‘बाबांचा फोन आला होता का?’ आणि सईने काय उत्तर द्यावं? इथे मी तुला सांगणार नाही, कारण हे तू कुठल्या बाजूला उभं राहून लिहितोस ह्यावर आहे. ‘आला होता, पण मी सांभाळलं’ म्हटलं तर सई आता दोघांशी खोटं बोलतेय, आणि तिला त्याची सवय लागतेय. ‘काकांना माहितीये’ म्हटलं तर गार्गीचा पहिला संशय तिच्यावरच, ‘तू सांगितलंस!’ मी बसवलं असतं तर दुसरं घेतलं असतं, कारण त्यात सईला बारा वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा चिडायला मिळतं: ‘तू मला विचारलं तरी का, मला यायचंय का ते?’ पण माझं ऐकायलाच हवं असं नाही. एकदा दोन्ही लिहून दोघी मुलींकडून वाचून घे. कुठल्या आवृत्तीला वाचणाऱ्या मुलीचा आवाज आपोआप बदलतो ते ऐक.

दोन कोरड्या गोष्टी, लेखनाच्या नाहीत. संहितेत गार्गी आणि एका अठरा वर्षांच्या मुलाचा चुंबनाचा प्रसंग गमतीत आलाय. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती पोक्सो कायदा मोजत नाही. तुला त्या विषयावर लिहायचं असेल तर तो पूर्ण नाटकाचा विषय आहे, इथे टाळी घेण्यापुरता नको. आणि स्पर्धेनंतर तिकीट लावून प्रयोग करायचं डोक्यात असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागेल. तो अर्ज आयत्या वेळी करण्यासारखा नाही.

पाच आठवडे कमी नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त फोनचा प्रवेश आणि सकाळचं भांडण लिही, बाकी सगळं बाजूला ठेव. ते दोन जमले की आधीचं आपोआप लहान होतं. मग वाचन, मग उभं राहणं. बापाचं काम करणाऱ्या मुलाला रोज तालमीआधी दहा मिनिटं खिडकीमागे बसवून खोटे केस पेपर लिहायला लाव, खरोखर पेनने, नाव, वय, पत्ता. दोन-तीन दिवस तो कंटाळेल आणि तुझ्यावर वैतागेल. तो कंटाळाच त्याच्या चेहऱ्यावर हवाय.

चार्जर मात्र पहिल्या तालमीपासून सईच्या हातात दे आणि प्रयोगाला तोच घेऊन जा. आम्ही एकदा प्रयोगाच्या दिवशी बॅकस्टेजच्या मुलाचा मागून आणला होता. पिन वेगळी निघाली. ती पोर भर स्पॉटमध्ये मिनिटभर खुपसत बसली आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘ताई, आयफोन आहे तो!’